वाक्य कोणाचे? : ‘द मँचूरियन कँडिडेट’ या चित्रपटातील भाषाव्यवहार

जॉन फ्रँकनहायमर यांनी दिग्दर्शित केलेला ‘द मँचूरियन कँडिडेट’ हा कृष्णधवल चित्रपट २४ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. क्यूबामधील क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत रशिया युद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले होते, तोच हा आठवडा. रिचर्ड काँडन यांच्या १९५९ मधील कादंबरीवरून जॉर्ज ॲक्सलरॉड यांनी पटकथा रचली होती. राजकीय हत्येच्या कटाची ही कथा शीतयुद्धाचे राजकारण, छायालेखन, अभिनय अशा नाना अंगांनी आजवर पुष्कळ तपासली गेली आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने तिच्याकडे वळावे याचे कारण मात्र निराळे आहे. या कथेतील रहस्याचा पहिला धागा हाती लागतो तो एका वाक्याच्या पुनरुक्तीमुळे. आणि ज्या शस्त्राने हत्या घडवून आणावयाची, ते शस्त्रही अखेर वाक्यच आहे.

कथानक थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १९५२ साली कोरियाच्या युद्धात अमेरिकन सैनिकांची एक तुकडी पकडली जाते व मँचूरियात नेली जाते. तेथे तीन दिवसांत त्यांच्या मनावर असा प्रयोग केला जातो की, सार्जंट रेमंड शॉ याने आपले प्राण वाचविले अशी खोटी आठवण सर्वांच्या ठायी पक्की बसते. रेमंड स्वदेशी परततो तो सर्वोच्च शौर्यपदकाचा मानकरी होऊन. वास्तविक तो एक सिद्ध करून ठेवलेला मारेकरी असतो. ठरावीक वाक्य उच्चारले गेले की तो पत्त्यांचा डाव मांडतो, चौकटची राणी वर आली की भोवतालचे भान हरपतो, आणि त्यानंतर कानावर पडेल ती आज्ञा पाळून सारे विसरून जातो. त्याची आई हीच अमेरिकेतील त्याची चालक आहे. आपला पती सिनेटर आयझलिन यास उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळवून द्यावयाची, आणि पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्षपदाच्या उमेदवाराची रेमंडकडून हत्या करवून पतीस त्या जागी चढवावयाचे, असा तिचा बेत आहे. तुकडीचा अधिकारी बेनेट मार्को याला पडणाऱ्या दुःस्वप्नांमुळे या कटाचा छडा लागू लागतो. लॉरेन्स हार्वे यांनी रेमंडची, फ्रँक सिनात्रा यांनी मार्कोची व अँजेला लॅन्सबरी यांनी आईची भूमिका केली आहे. लॅन्सबरी या आपल्या ‘मुला’हून वयाने अवघ्या तीन वर्षांनी मोठ्या होत्या, हे पडद्यावर पाहताना खरे वाटत नाही.

आता ते पहिले वाक्य. रेमंडविषयी काय वाटते असे विचारताच मार्को उत्तरतो की, रेमंड शॉइतका दयाळू, शूर, प्रेमळ आणि विलक्षण माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. तुकडीतला दुसरा सैनिक मेल्विन आपल्या पत्नीच्या प्रश्नाला उत्तर देतो, तेही हेच. विशेषणे तीच, त्यांचा क्रम तोच, शेवटी येणारी ‘आयुष्यात’ ही जोडही तीच. वस्तुतः रेमंड हा तुसडा, गर्विष्ठ, कोणालाही न आवडणारा माणूस आहे आणि मार्कोला ते पुरते ठाऊक आहे. आपल्या तोंडून बाहेर पडणारे शब्द आणि आपला अनुभव यांची गाठ पडत नाही, या जाणिवेपाशी त्याचा तपास सुरू होतो.

यातील भाषाशास्त्रीय मर्म असे. दोन माणसांचे मत एक असणे ही नित्याची गोष्ट आहे. दोन माणसांचे दीर्घ वाक्य अक्षरशः एक असणे ही नव्हे. ज्या वर्षी काँडन यांची कादंबरी निघाली, त्याच वर्षी, म्हणजे १९५९ साली, नोम चॉम्स्की यांनी ‘लँग्वेज’ या नियतकालिकात स्किनर यांच्या १९५७ मधील ‘व्हर्बल बिहेव्हिअर’ या ग्रंथाचे विस्तृत परीक्षण केले. उद्दीपक आणि प्रतिसाद यांच्या साखळीने मनुष्याचे बोलणे उलगडता येईल, हा स्किनर यांचा पक्ष. मनुष्य पूर्वी कधी न ऐकलेली वाक्ये सतत घडवीत असतो, आणि ती परिस्थितीला साजेशी असूनही परिस्थितीने नेमून दिलेली नसतात, ही चॉम्स्की यांची मूळ हरकत. चित्रपटाची कल्पना वरवर पाहता पहिल्या पक्षाची आहे. मनुष्याला अभिसंधित करता येते, असे गृहीत धरूनच ती उभी आहे. परंतु कट उघडकीस येतो तो दुसऱ्या पक्षाच्या नियमाने. वाक्य जसेच्या तसे पुन्हा आले, म्हणून ते त्या माणसाचे नव्हे, हे कळून येते. कट रचणाऱ्यांनी मेल्विनला थोडे निराळे वाक्य शिकविले असते तर मार्कोला काही सुगावा लागता ना.

येथे कोणी म्हणेल की ठरीव वाक्ये आपण सर्वच बोलतो. खरेच आहे. आपल्याकडील कोणत्याही शोकसभेस जाऊन बसावे. दहांपैकी आठ वक्ते दिवंगतास ‘मनमिळाऊ’ म्हणतात, आणि मानपत्रांची भाषा तर नाव बदलून कोणालाही अर्पण करता येते. तथापि तेथे वक्ता व श्रोता या दोघांनाही ते सूत्र सूत्र म्हणूनच ठाऊक असते. मंत्र म्हणणारा ते आपले मत म्हणून सांगत नाही. मेल्विन मात्र ते वाक्य आपल्या अंतःकरणातले म्हणून सांगतो. सूत्र आणि साक्ष यांमधील भिंत त्याच्या मनात पाडून टाकलेली आहे. चित्रपटातील भयाचे मूळ, माझ्या मते, चौकटच्या राणीपेक्षाही येथे अधिक आहे.

हा प्रश्न केवळ पटकथेचा नव्हता. ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द इंग्रजीत रूढ केला तो एडवर्ड हंटर या पत्रकाराने, १९५० साली मायामी येथील एका वृत्तपत्रात. चिनी भाषेतील ‘शी-नाओ’, म्हणजे ‘मेंदू धुणे’, या शब्दाचा तो अनुवाद होय. चिनी राजवटीची अधिकृत संज्ञा होती ती ‘विचार-परिवर्तन’ या अर्थाची. ‘धुणे’ ही लोकांच्या तोंडची भाषा. इंग्रजीने ती उचलली व तिच्यावर एका गूढ तंत्राचे वजन लादले. मराठीत आपण ‘मेंदू धुऊन काढणे’ म्हणतो खरे, पण बोलताना बहुतेक ‘ब्रेनवॉश करणे’ असेच म्हणतो, आणि अर्थ इतका सौम्य झाला आहे की सासूने सुनेबद्दल मुलाचे कान भरले तरी हाच शब्द येतो. चित्रपटातील चिनी शास्त्रज्ञ येन लो या रूपकाची थट्टा करतो: या मनुष्याचा मेंदू नुसता धुतलेला नाही, ड्रायक्लीन केलेला आहे, असे तो म्हणतो. रूपक मुळात लाक्षणिक आहे याची आठवण, गंमत म्हणजे, खलनायकच करून देतो.

कोरियातील प्रत्यक्ष घटनेत भारताचा, आणि एका मराठी अधिकाऱ्याचा, निकटचा संबंध आला होता. १९५३ साली शस्त्रसंधी झाली तेव्हा, स्वदेशी परत जाण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचे काय करावयाचे, हा पेच उरला. त्यासाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमण्यात आला. त्याचे अध्यक्षपद भारताकडे, म्हणजे जनरल थिमय्या यांच्याकडे होते, व कैद्यांचा ताबा मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांच्या नेतृत्वाखालील भारतीय सैन्याकडे होता. चिनी व उत्तर कोरियन मिळून २२,००० हून अधिक कैदी एका बाजूचे. दुसऱ्या बाजूचे ३५९, त्यांत २३ अमेरिकन व १ ब्रिटिश. प्रत्येक बाजूच्या प्रतिनिधींनी आपापल्या कैद्यांस भेटून, ‘परत या, तुम्हांस भय नाही’, असे समजावून सांगावयाचे, अशी योजना होती. करारात या भेटींना ‘स्पष्टीकरण’ असेच नाव होते. १५ ऑक्टोबर ते २३ डिसेंबर १९५३ या काळात ती चालली, तीही अनेक खंड पडत. स्पष्टीकरणाच्या तंबूत बसलेल्या भारतीय अधिकाऱ्यापुढील प्रश्न असा होता: समोरचा मनुष्य ‘मी जाणार नाही’ म्हणतो, तेव्हा ते त्याचे वाक्य आहे की छावणीतल्या म्होरक्यांनी त्याच्या तोंडी घातलेले? कैद्यांचे जमाव एकसुरात घोषणा देत होते. घोषणा एकसारख्या असणे हा पढविल्याचा पुरावा मानावा, तर सर्वच घोषणा तशा असतात. आयोगाला अखेर माणसाच्या शब्दावरच विसंबावे लागले. दुसरे साधन नव्हते. अमेरिकन कैद्यांपैकी २ जण मागे फिरले व स्वदेशी त्यांच्यावर सैनिकी खटले चालले. २१ जणांनी चीन पत्करला, आणि त्यांतील बरेच जण पुढे यथावकाश घरी परतले. ‘२१ अमेरिकन’ हे एवढे प्रकरण अमेरिकन जनमनाला इतके झोंबले की त्याचे स्पष्टीकरण देण्यासाठी तिला जादूच हवी होती. काँडन यांनी ती पुरविली.

अभ्यासकांनी त्या छावण्यांची जी चौकशी केली तीत जादू आढळली नाही. रॉबर्ट लिफ्टन यांचा विचार-परिवर्तनावरील ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसते ते असे: एकांतवास, झोपेची व अन्नाची ओढाताण, गटाचा दबाव, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कबुलीजबाब व आत्मचरित्र पुनःपुन्हा लिहावयास लावणे. म्हणजे चित्रपटातील रीतीच्या नेमके उलट. तेथे तयार वाक्य मनात ठोकून बसविले जात नाही; मनुष्याकडून त्याचेच वाक्य काढून घेतले जाते, ते नापसंत करून परत केले जाते, तो ते सुधारून आणतो, आणि दहाव्या वेळी लिहिलेले वाक्य त्याला स्वतःचे वाटू लागते. भाषेच्या दृष्टीने हा प्रकार कितीतरी अधिक कठीण आहे, कारण त्यात पुनरुक्तीचा पुरावा मागे उरत नाही. मार्कोला जो धागा सापडला तो वास्तवात सापडलाच नसता. अमेरिकन गुप्तहेर खात्याने १९५३ पासून ‘एम्के-अल्ट्रा’ या सांकेतिक नावाखाली संमोहन व औषधे यांचे प्रयोग केले. १९७०नंतरच्या दशकात ते उघड झाले, आणि त्यांतूनही हुकमी मारेकरी निर्माण झाल्याचे दिसले नाही. हानी झाली ती निरपराध माणसांची.

आता दुसरे वाक्य, ज्याने रेमंडचे यंत्र सुरू होते. वेळ घालविण्यासाठी एकट्याने लावावयाचा पत्त्यांचा एखादा डाव का मांडत नाहीस, अशी ती सूचना आहे. रूपाने प्रश्न, तोही नकारार्थी, कार्याने सूचना, आणि रेमंडपुरती आज्ञा. इंग्रजीत ‘का करत नाहीस’ हा साचा सौजन्याचा मानला जातो. मराठीत ‘जरा बसत का नाहीस?’ हे स्वराप्रमाणे आग्रह किंवा तक्रार ठरते. आपली जुनी व्याकरणे आज्ञार्थाच्या प्रकरणात आज्ञा, विनंती, उपदेश, आशीर्वाद असे अर्थ सांगतात. परंतु प्रश्नार्थक वाक्याने आज्ञा कशी होते, याकडे त्यांचे फारसे लक्ष नाही, कारण त्यांची वाटणी क्रियापदाच्या रूपावर आधारलेली आहे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेली व्याख्याने ‘हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्‌स’ या नावाने प्रसिद्ध झाली ती १९६२ सालीच, म्हणजे चित्रपटाच्याच वर्षी. उच्चार हीच एक कृती असते. सांगण्यात होणारी कृती वेगळी व सांगण्यामुळे घडणारा परिणाम वेगळा, हे त्यांचे विवेचन. सामान्य श्रोता या दोहोंच्या मध्ये उभा असतो. सूचना कळली तरी ती मानावी की नाही, हे तो ठरवितो. रेमंडच्या बाबतीत हे मधले अंतरच नाहीसे केलेले आहे.

त्याचा उत्तम नमुना म्हणजे मद्यगृहातील प्रसंग. रेमंड एका कोपऱ्यात बसला आहे. गल्ल्यावरचा मनुष्य दुसऱ्याच गिऱ्हाइकाला कसलीशी हकीकत सांगत आहे व त्या ओघात ते पत्त्यांचे वाक्य योगायोगाने त्याच्या तोंडी येते. रेमंड पत्ते मागून घेतो, डाव मांडतो, राणी वर येते. हकीकत सांगणारा पुढे म्हणतो की, मी त्याला सांगितले, सेंट्रल पार्कमध्ये जा आणि तळ्यात उडी घे. इंग्रजीत हा ‘चालता हो’ एवढ्याच अर्थाचा वाक्प्रचार आहे. रेमंड उठतो, उद्यानात जातो, आणि थंडीच्या दिवसांत खरोखरीच तळ्यात उडी घेतो. एका लहानशा विनोदी प्रसंगात तीन भेद एकदम कोसळतात: वाक्य कोणाला उद्देशून आहे, ते वापरले आहे की केवळ उद्धृत केले आहे, आणि ते वाच्यार्थाने घ्यावयाचे की लक्ष्यार्थाने. आपल्या वर्गात ‘लक्ष्यार्थ’ शिकविताना ‘गंगेवर गवळीवाडा’ हे जुने उदाहरण देतात. मला रेमंडचे तळे अधिक बोलके वाटते. मराठी रेमंडला कोणी ‘गेलास उडत!’ म्हटले असते तर त्याने काय केले असते, हा विचार विद्यार्थ्यांनी करून पाहावा. तेथे तर क्रियापदही भूतकाळी आहे.

बिंबाचा आणि शब्दाचा फारकतीचा खेळ चित्रपटाने स्वप्नाच्या दृश्यात केला आहे. न्यू जर्सीतील एका हॉटेलात बागकामाची हौस असलेल्या स्त्रियांची सभा. हायड्रेंजियाच्या फुलांवर व्याख्यान चालू. सैनिक कंटाळून बसलेले. कॅमेरा सावकाश पूर्ण वर्तुळ फिरून येतो, तोवर त्या स्त्रियांच्या जागी सोव्हिएत व चिनी अधिकारी बसलेले असतात आणि व्याख्यात्या बाईच्या जागी येन लो. पुढे बाईच्या तोंडी येन लोचे शब्द, येन लोच्या मागे बाईंची सभा, अशी सरमिसळ होते आणि याच सौम्य वातावरणात रेमंड एका सोबत्याचा गळा आवळतो. मेल्विन कृष्णवर्णीय आहे. त्याच्या स्वप्नातील त्या स्त्रियाही कृष्णवर्णीय आहेत. संकेत दोघांस एकच दिला गेला, तो प्रत्येकाने आपल्या अनुभवातील चित्राने भरला. फर्डिनांद द सोस्यूर यांच्या चिन्हविचारावर इतकी चांगली टीप दिग्दर्शकाने अजाणता लिहावी, याचे कौतुक वाटते.

सिनेटर आयझलिन हा उघडच जोसेफ मॅकार्थीच्या साच्यातला आहे. संरक्षण खात्यात २०७ साम्यवादी आहेत असे तो गरजतो, मग आकडा बदलतो, मग पुन्हा बदलतो. अखेर लक्षात राहील असा एकच आकडा दे, अशी तो पत्नीची विनवणी करतो, आणि टोमॅटो केचपच्या बाटलीवरील ‘५७’ कायम होतो. हा अतिरेकी विनोद वाटेल. पण मॅकार्थीने ९ फेब्रुवारी १९५० च्या व्हीलिंग येथील भाषणात २०५ असे सांगितल्याचे वृत्त होते, लगेच पुढे ५७ झाले आणि त्याच महिन्यात सिनेटमध्ये ८१. संख्येला येथे गणनेचा अर्थ राहत नाही. ‘मला माहीत आहे’ एवढेच ती सुचविते. आयझलिन हा रेमंडचाच जोडीदार आहे: त्याचीही वाक्ये दुसऱ्याने लिहिलेली आहेत. हत्येनंतर त्याने करावयाचे उत्स्फूर्त भाषण आठ वर्षे खपून तयार केलेले आहे, असे त्याची पत्नीच सांगते. शीर्षकातील उमेदवार नेमका कोण, हेही यामुळे संदिग्ध राहते. निवडणुकीचा उमेदवार आयझलिन आहे, पण मँचूरियाला गेला तो रेमंड. पुढे इंग्रजीत हे शीर्षक, परक्या सत्तेच्या ताब्यातील राजकारणी, या अर्थाने वाक्प्रचार होऊन बसले. मराठीत ही संदिग्धता सुटते, कारण फारसीतून आलेला आपला ‘उमेदवार’ जसा निवडणुकीला उभा राहतो तसाच कोणाच्या हाताखाली उमेदवारीही करतो.

चित्रपटात दोष नाहीत असे नाही. येन लो व कोरियन नोकर या भूमिका चिनी वा कोरियन नटांना दिलेल्या नाहीत, आणि पौर्वात्य म्हणजे कपटी हा जुना पाश्चात्त्य संस्कार तेथे विनातक्रार स्वीकारला आहे. केनेडी यांच्या १९६३ मधील हत्येनंतर चित्रपट तात्काळ मागे घेतला गेला, ही आख्यायिका मात्र टिकत नाही. १९६५ मध्ये तो अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखविला गेला होता. १९८८ साली तो पुन्हा चित्रपटगृहांत आला.

मार्को रेमंडची सुटका कशी करतो, हे पाहण्याजोगे आहे. ५२ च्या ५२ पाने चौकटच्या राणीची असलेला जोड तो त्याच्यापुढे धरतो व सांगतो की, सारे दुवे तुटले, आमच्या शब्दाने तुटले. पुन्हा कोणी डाव मांडावयास सांगितले तर खेळ संपला म्हणून सांग. म्हणजे मुक्तीही आज्ञेनेच, आणि सोबत एक नवे तयार वाक्य. ही मुक्ती खरी की केवळ चालक बदलला, हे प्रेक्षकास शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेमंड धर्मगुरूच्या वेषात उंच खोलीत बंदूक रोखून बसतो. गोळी झाडावयाची तीही उमेदवाराच्या भाषणातील एक ठरावीक वाक्य पुरे होताच. ते वाक्य येते, आणि गोळ्या लागतात त्या आयझलिनला व आईला. आज्ञेचे वाक्य तेच राहिले; त्याचा कर्मकारक तेवढा रेमंडने बदलला. त्यानंतर तो स्वतःवर बंदूक फिरवितो.

शेवटच्या दृश्यात बाहेर पाऊस पडत आहे आणि मार्को शौर्यपदकांची मानपत्रे पुस्तकातून वाचून दाखवीत आहे. मानपत्रांची भाषा ठरीव: अमुक ठिकाणी, अमुक संकटात, अमुक पराक्रम. पुस्तक मिटून तो रेमंडसाठी त्याच घडणीत एक मानपत्र रचू लागतो. शत्रूने मन व आत्मा काबीज केलेल्या, अखेर स्वतः मुक्त होऊन देशासाठी प्राण देणाऱ्या माणसाचे. त्यात ‘दयाळू’ नाही, ‘प्रेमळ’ नाही. ते पुरे होते न होते तोच त्याला पुढे शब्द सापडत नाहीत. तो रेमंडचे नाव घेतो, आणि नंतर केवळ एक शिवीवजा उद्गार, दोनदा.